आजचे अश्रू: शून्य

कुमोलँड या मुलांच्या बागेच्या कमानीतून आत शिरल्यावर मला वाटलं, इथे काहीतरी कमी आहे. फुगे होते, ढगांच्या आकाराचे दिवे होते, बाबागाड्यांची तर जत्रा भरली होती. तरी एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये चार पोरं जमल्यावर असतो तो आवाज इथे नव्हता. एवढी हजारो लहान मुलं, आणि एकही रडत नव्हतं.

"अगं, ही पोरं आजारी आहेत का काय?" कांचनताईंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं.

कांचनताई म्हणजे माझी नणंद, सौमित्रची थोरली बहीण. गेलं सव्वा वर्ष माझी जुळी मुलं, रेवा आणि ओजस, मिरजेत त्यांच्याच कडेवर वाढली. मी इथे जपानात, क्युशू बेटावरच्या एका चिप कारखान्यात. मुलं जेमतेम पावलं टाकायला लागली होती तेव्हा मी निघाले, 'तुमच्या कुटुंबाचा व्हिसा आता होईलच' या कंपनीच्या भरवशावर. तो 'आता' उजाडेपर्यंत मुलं अडीच वर्षांची झाली. आता सौमित्र आणि मुलं माझ्याकडे राहायला आली होती. ताई त्यांना पोचवायला आल्या होत्या आणि रविवारी त्या एकट्या परत जाणार होत्या.

म्हणजे रविवारपर्यंत मुलांनी मला आपली म्हणायला हवं होतं. तसं झालं नाही तर मुलांना ताईंबरोबर परत पाठवू, दिवाळीनंतर पुन्हा बघू, असं सौमित्र हळूच म्हणून गेला होता.

विमानतळावर काय झालं ते सांगते. रेवानं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग सौमित्रच्या हातातला फोन ओढून घेतला, उलटा केला आणि त्याच्या मागे बघितलं. तिची आई तिथे राहत होती. सगळे हसले, मीही हसले, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून पोटभर रडून घेतलं.

त्यात मुलांचा काय दोष? मी रोज त्यांना फोनमध्येच भेटत होते. आमच्या वसतिगृहातलं नेट यथातथाच. बोलता बोलता माझं चित्र गोठायचं, तोंड उघडं, एक डोळा अर्धवट मिटलेला. मुलांना त्याचीच गंमत वाटायची. "आई अडकली!" म्हणून ओरडायची आणि पडद्यावरच्या माझ्या नाकावर बोटानं टिचक्या मारायची. मग नेट चांगलं असलं तरी मी मुद्दाम अडकायला लागले. नाकावर टिचकी बसली की चालू. आई म्हणून माझ्या खात्यात एवढा एकच खेळ जमा होता.

कुमोलँडला यायची कल्पना माझीच. कारखान्यातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं होतं, तिथे मुलं रडत नाहीत, दिवस छान जातो. मला तेच हवं होतं. माझी मुलं माझ्या कडेवर येताना भोकाड पसरतील, ही भीती मी महिनाभर उशाशी घेऊन झोपले होते.

त्या सकाळी हॉटेलच्या लिफ्टमध्ये दोन जपानी आजीबाईंनी ओजसचे कुरळे केस बघून "कावाई, कावाई", म्हणजे किती गोड, किती गोड, असं चालवलं. ओजसनं त्या दिवशी दूध घेतलं नव्हतं. झालं. ताईंनी लॉबीच्या कोपऱ्यात त्याला उभं केलं आणि पर्समधून पितळी डबी काढली. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळी जमवायची आणि ती तुपात खलायची, असं घरचं काजळ. ओजसच्या डाव्या कानशिलावर, केसांच्या आत, त्यांनी चांगली रुपयाएवढी तीट लावली.

"केसात कशाला?" मी विचारलं.

"इथल्या लोकांना दिसायला नको. हसतील."

"आणि रेवाला?" सौमित्रनं विचारलं.

"तिनं दूध प्यायलंय," ताई म्हणाल्या. विषय संपला.

मला त्या डबीचा वास आला आणि अंग शहारलं. आमच्या कारखान्यात धुळीचा कण चालत नाही, पावडर नाही, कुंकू नाही, काजळ तर नाहीच. सव्वा वर्ष माझ्या डोळ्यांना काजळ लागलं नव्हतं.

प्रवेशदाराशी मोरी-सान नावाच्या, माझ्या आईच्या वयाच्या एका बाईंनी आम्हाला सगळं समजावलं. कानातलं दुभाषी यंत्र त्यांचं बोलणं मराठीत आणत होतं, जरा सरकारी मराठीत. प्रत्येक मुलाच्या डोक्यावर ढगाचे दोन कान असलेला मऊ पट्टा बसवतात. त्याला ढगकान म्हणतात. डाव्या कानशिलावर टेकेल असा त्यात नखाएवढा काचेचा ठिपका असतो. टॉर्चवर हात धरला की आपली बोटं लाल दिसतात ना, तसाच त्या ठिपक्यातून निघणारा अवरक्त प्रकाश कातडीतून आणि मुलाच्या पातळ कवटीतून थोडा आत जाऊन परत येतो. तो डोळ्यांना दिसत नाही. रक्तात प्राणवायू किती आहे त्यावर परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, आणि नाडीही त्याच्यावरूनच कळते. मूल बिथरायला लागलं की आधी हे बदलतं, रडं मागाहून येतं. मधल्या काही मिनिटांत यंत्र आपलं काम उरकतं. रांग बदलतं, खाऊ पाठवतं, फुगे सोडतं.

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे माणूस निवडतं. मोठ्यांच्या मनगटाला एकेक पट्टा. कुणाच्या कडेवर गेल्यावर मुलाची नाडी लवकर उतरते, हे यंत्र बघत राहतं आणि शिकतं. मग वेळ आली की त्या माणसाचा मनगटपट्टा हिरवा होतो. बाकीच्यांचा नारिंगी. नारिंगी म्हणजे, कृपया थोडं लांब थांबा.

"रडणं म्हणजे काय रोग आहे का?" ताई मराठीतच म्हणाल्या. दुभाष्यानं ते मोरी-सानना पोचवलं असावं, कारण त्या कमरेत वाकून हसल्या. ढगकान काढले तर बागेबाहेर जावं लागतं, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. ओजसचे ढगकान बसवताना यंत्र जरासं अडखळलं, मग पडद्यावर अक्षरं आली: शांत.

सकाळ कशी गेली म्हणाल, तर लोण्यासारखी. रेवाला पाळण्याची भीती वाटायच्या आत पाळणा हळू झाला. तिला भूक लागायच्या आत कणसाच्या लाह्या आल्या. ती झोपाळली तेव्हा मी पटकन हात पुढे केले. तिनं माझ्याकडे बघितलं, खालचा ओठ जेमतेम हलला, आणि माझं मनगट नारिंगी झालं. ताईंचं हिरवं. ताईंनी तिला उचललंही. रेवा त्यांच्या खांद्यावर अशी विसावली की जणू मी हात पुढे केलेच नव्हते.

असं एकदा झालं, मग पुन्हा झालं, मग मी मोजायचं सोडून दिलं. मी मुलांची आई होते आणि दिवसभर बाटल्या, पिशव्या आणि टोप्या सांभाळत होते. ओजसचं तर काहीच नव्हतं. बाबागाडीत बसून तो सगळीकडे गंभीरपणे बघत होता आणि बाबागाडीच्या दांड्यावरचा पडदा म्हणत होता, शांत, शांत, शांत.

"मनावर घेऊ नकोस," सौमित्र म्हणाला. "मशीन आहे ते."

"मशीन आहे म्हणूनच," मी म्हणाले. "माणूस असतं तर भीड म्हणून तरी खोटं बोललं असतं."

जेवायला बसलो. ताईंनी मिरजेहून आणलेल्या दशम्या काढल्या. टेबलाच्या पडद्यावर आमच्या कुटुंबाचं चित्र उमटलं. प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाचा एक ढग. ज्याच्याजवळ मुलं जितकी शांत, तितका त्याचा ढग मोठा. ताईंच्या ढगानं निम्मा पडदा व्यापला होता. सौमित्रचा बरा होता. माझा शोधावा लागला.

"बघ की, मी फर्स्ट क्लास!" ताई हरखून म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पडद्यावर घाईघाईनं रुमाल टाकला.

"असू दे की, ताई," मी म्हणाले. "खरं तेच दाखवतंय. तुम्हीच ठेवून घ्या त्यांना."

बोलले आणि जीभ चावली. पण शब्द सुटला होता. ताईंनी हातातल्या दशमीचे बारीक बारीक तुकडे केले.

"मी ठेवून घ्यायला नाही आले, ऋजुता," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "पोचवायला आलेय. तेवढं तरी नीट करू दे मला."

पुढे कुणी काही बोलणार तेवढ्यात ढगाचा पोशाख घातलेला एक भला थोरला ढगोबा आला आणि आमच्या टेबलाशी नाचायला लागला. आमच्यातला ताण रेवाच्या कानशिलापर्यंत पोचला असणार. रेवा खिदळली आणि आमचं भांडण तिथेच राहून गेलं, मिटलं नाही.

दुपारी होड्यांच्या रांगेत यंत्रानं रेवाबरोबर ताई आणि सौमित्रला पाठवलं. ओजस बाबागाडीत पेंगत होता, शांत होता, म्हणून त्याला माझ्याकडे ठेवलं. दिवसात पहिल्यांदाच मी माझ्या एका मुलाबरोबर एकटी होते. मी चौकातल्या बाकावर बसले आणि त्याच्या पायाचा अंगठा धरून ठेवला.

तेवढ्यात डोक्यावरून देवमासा गेला. फुगवलेला, चारमजली इमारतीएवढा, रोज दुपारी बागेवरून तरंगत जाणारा. त्याची सावली पडली आणि ओजसनं डोळे उघडले. वर देवमासा, समोर मी. आत्तू कुठेच नाही.

ओजस रडला. कसला रडला! टाहो फोडला. चौकातलं सगळं जागच्या जागी थांबलं. बाबागाड्यांमधली मुलं वळून त्याच्याकडे बघायला लागली, डोळे विस्फारून, हा आवाज कुठून येतोय म्हणून. त्यांच्या आईबापांचे हात आपापल्या मनगटाकडे गेले. मीही माझ्या मनगटाकडे बघितलं. हिरवं नाही, नारिंगी नाही, काही नाही. पडद्यावर लिहिलं होतं, शांत.

"आत्तू! आत्तू पायजे!"

मी त्याला उचललं. त्यानं मला लाथा मारल्या, केस ओढले, खांद्याला कडकडून चावला. मी पाणी दिलं, त्यानं भिरकावलं. मी देवमासा दाखवला आणि गाढवपणा केला. मग तो हुंदक्यांमधून म्हणाला, "फोन दे! आई दे!"

माझा मुलगा माझ्या कडेवर बसून आईसाठी रडत होता.

"ओजस, अरे बघ, मी..." एवढंच म्हणाले आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना. तोंड तसंच उघडं राहिलं. आणि मग, आता कसं ते सांगता येणार नाही, मी तशीच थांबले. तोंड उघडं. एक डोळा अर्धवट मिटलेला. श्वासही रोखला.

ओजसचं रडं मध्येच तुटलं. नाकातून शेंबूड, गालावर पाणी, आणि त्यातून तो माझ्याकडे टक लावून बघायला लागला. भर चौकात माणसं बघत होती आणि मी वेड्यासारखी गोठून बसले होते. त्याचं बोट हळूहळू वर आलं. माझ्या नाकावर टिचकी बसली.

"...आई आहे," मी चालू झाले.

"आई अडकली," तो म्हणाला. अगदी हळू. त्यानं माझं नाक पुन्हा चाचपलं. काच नव्हती. ओठ चाचपले, हनुवटी धरली. आणि मग तो पुन्हा रडायला लागला, पण हे रडं वेगळं होतं. हे माझ्यावर होतं. इतके दिवस कुठे होतीस म्हणून होतं. तो मुठींनी माझ्या छातीवर मारत होता आणि माझ्याच गळ्यात शिरत होता. मीही रडत होते. मला कसली लाज वाटली नाही.

रांग सोडून, ओढणी सावरत ताई धावत आल्या. त्यांच्या मनगटानं त्यांना काही सांगितलं नव्हतं. दिवसभरात पहिल्यांदा त्यांना नुसता कानांनी ओजसचा आवाज आला होता आणि एवढ्या मोठ्या बागेत तो त्यांनी ओळखला होता. त्यांचे दोन्ही हात पुढे होते. ओजसनं त्यांना बघितलं आणि तो वळवळला. मला वाटलं, आता हा जाणार.

ताई माझ्यापासून चार पावलांवर थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओजसच्या मुठीत आवळलेल्या माझ्या कॉलरकडे बघितलं. मग पुढे केलेले हात मागे घेतले आणि ओढणीखाली झाकून घेतले.

"रडू दे त्याला," त्या म्हणाल्या. "तुझं चालू दे."

ओजस माझ्या खांद्यावर हुंदके देत देत झोपला.

मोरी-सान नवे ढगकान घेऊन धापा टाकत आल्या. त्या इतक्या वेळा वाकल्या की मलाच अपराधी वाटायला लागलं. त्यांनी ओजसचे ढगकान काढले, आतला काचेचा ठिपका पांढऱ्या कापडानं पुसला, आणि कापड काळं झालं. मोरी-सान त्याच्याकडे बघतच राहिल्या. मी ते हुंगलं. एरंडेल आणि तूप.

मला हसू फुटलं. प्रकाश कुठे अडतो, कुठे जिरतो, हे बघण्याचीच नोकरी करते मी. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. दिसणारा असो की न दिसणारा, आलेला प्रकाश ती गिळून टाकते. यंत्राला ओजसच्या डोक्यातलं काहीच दिसत नव्हतं. उजेड कमी येतोय तो दाट काळ्या केसांमुळे, असं त्यानं गृहीत धरलं आणि जे दिसत नाही ते ठीकच असणार असा हिशेब लावला.

मग माझं हसू थांबलं. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. त्याला एकच सांगितलं होतं, मूल रडता कामा नये. अनोळखी बाईपासून आईपर्यंत यायचं तर वाटेत रडावं लागतं, आणि यंत्रानं दिवसभर नेमकी तीच वाट बंद ठेवली होती. त्यासाठी पैसे मीच भरले होते, आणि कौतुकानं भरले होते.

सौमित्र रेवाला घेऊन आला. तिचे ढगकान स्वच्छ होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विमानतळावरच्यासारखीच नजर फिरवली.

"हिचं काढूनच टाकू या," मी म्हणाले.

"मग बाहेर जावं लागेल. हा झोपलाय," सौमित्र म्हणाला. "आणि काढायचं कशाला? मनगटाकडे बघायचंच नाही. ताई, तू तिला घेऊ नकोस म्हणजे झालं."

"तुला बोलायला काय जातंय?" ताई म्हणाल्या. "तो हिरवा दिवा लागला की माझे हात आपोआप पुढे होतात. मला नाही राहवत. आणि हिचा नारिंगी लागला की ही मागे सरते. सकाळपासून बघतेय मी." त्यांनी पर्स उघडली. पितळी डबी काढली. जरा वेळ ती मुठीतच धरून ठेवली. ही तीट लावल्यावर काय होणार, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. रेवा रडणार. आणि रडून झाल्यावर त्यांच्याकडे येईलच, असं नाही.

"दृष्ट हिलाही लागलीच असणार," त्या म्हणाल्या आणि डबी माझ्या हातात दिली. "मी नाही. तू लाव."

काजळ बोटाला गार लागलं. मी रेवाच्या डाव्या कानशिलावर, ढगाच्या कानाखाली, तीट लावली. मोरी-सान अजून तिथेच होत्या. त्यांनी माझं बोट बघितलं, झोपलेल्या ओजसकडे बघितलं, मग नवे ढगकान पिशवीत घातले आणि देवमासा कुठे गेला ते बघायला लागल्या.

मी ओजसला सौमित्रकडे दिलं आणि रेवाला घेतलं. ती किंचाळली. माझं मनगट गप्प होतं. ताई आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी अडकले, तोंड उघडं ठेवून, एक डोळा मिटून, आणि रेवा आणखी जोरात रडली. ओजसचा खेळ तिला चालला नाही. तिला काहीच चाललं नाही. ती नुसती रडत राहिली आणि मी नुसती तिला घेऊन फिरत राहिले, चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक जपानी बाप आपल्या गप्प बसलेल्या मुलीचा हात धरून आमच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. हेवा होता, असं मला वाटलं.

शेवटी रेवा थकली. उचक्या देत तिनं माझ्या खिशातला फोन ओढून काढला. पुढून बघितला. उलटा करून मागून बघितला. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"आई बाहेर आली," तिनं सौमित्रला सांगितलं.

मी ताईंकडे गेले. त्या अजून पाठ करूनच उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. त्यांच्यासाठी कुणाचंच मनगट हिरवं होणार नव्हतं. मी रेवाला एका हातावर घेतलं आणि दुसरा हात ताईंच्या खांद्यांवर टाकला.

"रविवारचं तिकीट पुढे ढकला, ताई," मी म्हणाले.

"नको," त्या म्हणाल्या. "आता जाऊ दे मला. मग मी फोनमध्ये येईन. मलाही अडकायला शिकव."

बाहेर पडताना दारावरच्या मोठ्या पडद्यावर आमच्या कुटुंबाचा फोटो झळकला. ताईंचे डोळे सुजलेले, माझ्या खांद्यावर चावल्याचा वळ, रेवाच्या गालावर ओघळ, सौमित्रच्या शर्टावर ओजसचा शेंबूड. खाली रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, आजचे अश्रू: शून्य.

"खोटारडं मेलं," ताई म्हणाल्या आणि ओढणीला नाक पुसलं.

त्यांचं काजळ पार गालांवर उतरलं होतं. मी ते माझ्या बाहीनं पुसलं. मग डबी परत करायला गेले, तर त्यांनी माझी मूठ मिटली.

"राहू दे तुझ्याकडंच," त्या म्हणाल्या. "मुलं तुझ्यापाशी आहेत."